गाडीच्या काचेवर कोणते पाणी मारता?

चारचाकी गाडी आता केवळ ठेकेदाराच्या नि मालगुजाराच्या दारातली वस्तू राहिलेली नाही. नोकरदाराने कर्ज काढून घेतलेली लहान गाडी, बेरोजगार तरुणाने बँकेच्या हप्त्यावर घेऊन भाड्याने लावलेली व्हॅन, अशा दोन-चार गाड्या आज प्रत्येक वस्तीत दिसतात. या गाडीत ऑईल कोणते, टायर कोणता, अ‍ॅव्हरेज किती, याची चर्चा पानठेल्यावर तासन् तास चालते. पण समोरच्या काचेवर वायपरबरोबर उडते ते पाणी कोणते टाकावे, असे कोणी विचारले तर लोक हसतात. "त्यात काय पाहाचं भाऊ, बोरिंगचं पाणी टाका न!" असे उत्तर येते.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मूलहून चंद्रपूर सुमारे ४५ किलोमीटर. मध्ये केळझर, चिचपल्ली, लोहारा असा जंगलाचा पट्टा. रात्री-बेरात्री पेशंट न्यायचा तर याच रस्त्याने न्यावा लागतो. रस्त्यात चितळ आडवे येते, रानडुक्कर येते, कधी वाघही येतो. अशा वेळी समोरून ट्रक आला आणि त्याचा दिवा काचेवरच्या चट्ट्यांवर पडला, की क्षणभर सारी काच पांढरी होते. गाडी तासाला ६० किलोमीटर वेगाने असेल तर एका सेकंदात ती साडेसोळा मीटर पुढे जाते. दोन सेकंद दिसले नाही म्हणजे तेहतीस मीटर आंधळेपणाने गेलो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळी फिल्म लावणाऱ्याला पोलीस दंड करतात. मळाची फिल्म लावून फिरणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही!

आधी आपल्याकडची घाण कोणती, ते पाहू. कारण द्रव निवडायचा तो घाण पाहून, बाटलीवरचे चित्र पाहून नव्हे.

चंद्रपूरकडे गेलो की कोळशाची धूळ आणि महाऔष्णिक वीज केंद्राची राखड. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. खुद्द मूलमध्ये राईस मिलचा कोंडा आणि त्याची राख. यातली राखड व रस्त्याची धूळ ही मुख्यतः वाळूच्याच जातीची, म्हणजे कठीण आणि खरखरीत. कोरड्या काचेवर वायपर फिरविला की रबराखाली ती सापडते आणि काचेवर कानस फिरविल्यासारखे होते. बारीक अर्धगोल ओरखडे पडतात. ते दिवसा दिसत नाहीत, रात्री दिव्यापुढे दिसतात, आणि एकदा पडले की कोणत्याही पाण्याने जात नाहीत. म्हणून आधी भरपूर पाणी मारायचे, मग वायपर, हा पहिला नियम.

दुसरी घाण किड्यांची. धान पिकत आले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुडतुडे दिव्यावर कसे झेपावतात, हे धानपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरून रात्री परतणाऱ्या गाड्यांच्या काचा पाहाव्यात. किड्यांचा नुसता चिखल झालेला असतो. या चिखलात प्रथिने नि चरबी असते. साध्या पाण्याने ती सुटत नाही, उलट वायपर तिला काचभर सारवून ठेवतो. येथेच द्रवाची खरी गरज लागते. किडे वाळून घट्ट झाले असतील तर मात्र द्रवाच्या भरवशावर राहू नये. ओले फडके काचेवर पाच-दहा मिनिटे पसरून ठेवावे आणि मग पुसावे.

उन्हाळ्यात झाडाखाली गाडी लावली की वरून झाडाचा चीक नि पाखरांची विष्ठा. तेही असेच, आधी भिजवून काढायचे.

आता त्या बोरिंगच्या पाण्याकडे वळू. आपल्याकडे बऱ्याच गावी बोरिंगचे पाणी जड आहे. भगिनींना हे जास्त ठाऊक, कारण पाणी तापवायच्या गंजात आतून पांढरा थर त्यांनाच खरवडावा लागतो. तोच थर काचेवर बसतो. मे महिन्यात पारा ४७-४८ वर गेला की काचेवर पडलेले पाणी क्षणात उडून जाते आणि त्यातला क्षार मागे राहतो. फवारा सोडणाऱ्या छिद्रांतही तोच क्षार बसतो. छिद्रे सुईच्या टोकाएवढी असतात, ती बुजली की मोटर नुसती घरघर करते. मग मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, नवी टाका. पुष्कळदा मोटर गेलेली नसते, छिद्र टाचणीने मोकळे केले की काम होते. टाकी रिकामी असताना मात्र बटण दाबत बसू नये. त्याने मोटर खरोखरच जळू शकते.

मग कोणते पाणी घ्यावे? घरी आरओचे यंत्र असेल किंवा गावात आरओचे कॅन मिळत असतील तर ते पाणी चालते. त्याहून चांगले डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपण ज्याला बॅटरीचे पाणी म्हणतो ते. बहुतेक लहान गाड्यांची टाकी दोन-तीन लिटरची असते, त्यामुळे खर्च फार नाही. एसीतून ठिबकणारे पाणी काही जण साठवून टाकतात. त्यात क्षार नसतो हे खरे, पण ते धूळ बसलेल्या जाळीवरून येते. ते टाकू नये, आणि त्याचे कारण केवळ स्वच्छतेचे नाही.

१९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या एका संमेलनात अनेक जण एकाएकी न्यूमोनियाने आजारी पडले, काही दगावले. पुढे जो जंतू सापडला त्याला लेजिओनेला हे नाव मिळाले. हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेतील संशोधकांनी या रोग्यांची चौकशी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा काच धुण्याच्या टाकीत नुसते पाणी वापरणाऱ्या चालकांत धोका जास्त आढळला. समाजात तुरळकपणे होणाऱ्या लागणीपैकी सुमारे २० टक्के या कारणाने होत असावी, असा त्यांचा अंदाज होता. साधा स्क्रीनवॉश मिसळला की हा धोका कमी होतो, असे त्यांनी सांगितले. ब्रिटनसारख्या थंड मुलुखात ही गोष्ट, तर आपल्याकडे बोनेटखाली बारा महिने कोमट राहणाऱ्या टाकीत महिनोन् महिने साचलेल्या पाण्याचे काय? घाबरून जायचे कारण नाही. पण नुसते पाणी टाकणे हा सर्वांत स्वस्त नि सर्वांत निर्धोक मार्ग आहे, ही समजूत सोडून द्यावी.

साबण, शाम्पू, रॉकेल

पाण्यात काहीतरी घालावे लागते हे पटले की माणूस घरातच शोधू लागतो. कपडे धुण्याची पावडर सर्वांत आधी हाताशी येते. तिच्यात सोडा असतो. तो वायपरच्या रबराला नि बोनेटच्या रंगाला मारक, आणि जड पाण्यात तिचा चोथा धरतो तो वेगळाच. भांड्याचे लिक्विड किंवा केसांचा शाम्पू फेस फार करतात. तो फेस धुऊन निघायला दहापट पाणी लागते, ते टाकीत नसते. शेवटी काचेवर पातळ थर राहतो आणि समोरून दिवा आला की त्याची झालर दिसते. काही जुने ड्रायव्हर काचेवर रॉकेलचा बोळा फिरवितात, पाऊस घसरून जातो म्हणतात. पाऊस घसरतोही, पण तेलकट थरावर रात्रीचा प्रकाश पसरतो आणि रबर फुगते. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस क्षाराचे डाग काढायला चांगला. तो फडक्यावर घेऊन, काच थंड असताना लावावा आणि पाण्याने धुऊन टाकावा. टाकीत ओतू नये.

सर्वांत मोठी गफलत होते ती कुलंटची. बोनेट उघडले की दोन-तीन टाक्या दिसतात, सगळ्या प्लॅस्टिकच्या. काचेच्या पाण्याच्या झाकणावर काच नि फवाऱ्याचे चित्र असते, झाकण बहुधा निळे किंवा काळे. कुलंट त्यात गेले तर काच तेलकट होते. उलट काचेचे पाणी रेडिएटरच्या टाकीत गेले तर इंजिनला धोका. कुलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड नि पोटात गेले तर जीवघेणे असते. म्हणून जुन्या पाण्याच्या बाटलीत कुलंट भरून घरात ठेवणे हा तर गुन्हाच समजावा.

बाटलीवर काय वाचावे

बाजारात तीन प्रकार मिळतात. एक, तयार पाणी, सरळ टाकीत ओतायचे. दोन, घट्ट द्रव, पाण्यात मिसळायचा. तीन, पाण्यात विरघळणारी गोळी. तिन्ही चालतात. आपल्याला हवा तो द्रव सौम्य, कमी फेसाचा, किडे नि तेलकटपणा काढणारा, रंगाला व रबराला अपाय न करणारा. निळा रंग आणि सुवास यांचा काच साफ होण्याशी काहीही संबंध नाही.

काही बाटल्यांवर "उणे २० अंशापर्यंत गोठत नाही" असे मोठ्या दिमाखाने छापलेले असते. मूलमध्ये पाणी गोठत नाही! त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण काय? गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घातलेले असते. आपल्या उन्हात ते भराभर उडून जाते, काच ओली राहायला हवी तेवढा वेळ राहत नाही. कॅनडात किंवा रशियात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना तोच द्रव लागेल; तेथे साधे पाणी काचेवर पडताच बर्फ होते.

पैशाचा हिशेब नेहमी लिटरमागे करावा. समजा घट्ट द्रवाची बाटली १०० मिलिलिटरची आहे आणि प्रमाण एकास पन्नास लिहिले आहे. म्हणजे एका लिटर पाण्यात २० मिलिलिटर, आणि बाटलीत पाच लिटर पाणी तयार होते. बाटलीच्या किमतीला पाचाने भागावे आणि तो आकडा तयार पाण्याच्या एका लिटरच्या किमतीशी ताडून पाहावा. बहुतेक वेळा घट्ट द्रवच स्वस्त पडतो. "थोडे जास्त टाकले तर जास्त साफ होईल" म्हणून दुप्पट टाकू नये, जास्त द्रव म्हणजे जास्त चट्टे. औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण या कामी चांगले.

आता एक शब्द बाटलीवर जरूर शोधावा : मिथेनॉल किंवा मिथिल अल्कोहोल. हा शब्द असेल तर ती बाटली परत ठेवावी. थंड देशांत काच धुण्याच्या द्रवात तो सर्रास घालीत असत. दारू समजून किंवा दारूला पर्याय म्हणून लोक तो द्रव पिऊ लागले, मेले, आंधळे झाले. शेवटी युरोपीय संघाने मे २०१९ पासून सामान्य ग्राहकाला विकायच्या अशा द्रवात मिथेनॉल ०.६ टक्क्यांहून कमी असणे बंधनकारक केले. आपल्या महाराष्ट्रात मिथेनॉल काय करते ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली.

आपल्या भागात हे अधिक बारकाईने पाहायला हवे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ पर्यंत होती. बंदी असो की नसो, ज्याला तलफ आली तो माणूस बाटलीत काय आहे ते विचारीत नाही, "अल्कोहोल" एवढा शब्द त्याला पुरतो. मिथेनॉलचे वैशिष्ट्य असे की सुरुवातीला साधी नशा वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे पांढरे धुके, असे सुरू होते. शरीरात त्यापासून तयार होणारे फॉर्मिक आम्ल डोळ्याची नस जाळते. नजर धूसर झाली असे कोणी म्हणाले तर झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये. बाटली सोबत घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच. लहान मुलांच्या बाबतीत तर निळे सरबत समजून घोट घेण्याची भीती कायम. द्रव मूळ बाटलीतच, उंचावर, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही नाही.

द्रव कितीही चांगला असला तरी वायपरचे रबर कडक झाले असेल तर उपयोग शून्य. आपल्या उन्हात रबर वर्षभर टिकले तरी पुष्कळ. मृगाआधी ते पाहावे, चिरा पडल्या असतील तर बदलावे, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने त्याची कडा पुसावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणी मारू नये. काचेला गिट्टीचा टवका बसलेला असेल तर चीर लांबते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी. हा वायपर बाईने शोधला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असता, बर्फमिश्रित पावसात ट्रामचा चालक काच उघडून बाहेर पाहत गाडी हाकताना त्यांनी पाहिला. घरी येऊन त्यांनी आतून दांडीने फिरवायचा रबरी वायपर तयार केला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कॅनडातील एका कंपनीने १९०५ मध्ये यात व्यापारी फायदा नाही म्हणून नकार दिला. पेटंटची मुदत १९२० मध्ये संपली आणि नंतर तो गाडी-गाडीवर आला. मेरीबाईंच्या हाती त्यातून काही पडले नाही.

ज्या जुन्या जीपचा पंप बंद आहे, किंवा ज्या ऑटोला टाकीच नाही, त्यांनी फवारणीची लहान बाटली भरून सीटखाली ठेवावी, सोबत सुती धोतराचा एक धुतलेला तुकडा. रात्री निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच काच बाहेरून नि आतून दोन्हीकडून पुसावी. आतली काच कोणी पुसतच नाही, आणि निम्मी झालर तिच्यावरच असते.