गडद निळा, राखाडी आणि भरवसा

सप्टेंबर १८८८मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले. प्रवासात काळा सूट वापरायचा आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरतानासाठी राखून ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. बोटीतून उतरून पाहतात तर पांढऱ्या कपड्यांतला माणूस एकटे तेच. तिकडे उन्हाळा सरत आला होता. बाकीचं सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात गेलेलं, त्यात रविवार आडवा आलेला. तशाच अवतारात लंडनच्या हॉटेलात बसणं आलं. तिथे भेटायला आलेल्या डॉ. प्राणजीवन मेहतांच्या रेशमी टॉप हॅटवरून त्यांनी सहज हात फिरवला, तोही उलटा. हॅटची लव विस्कटली, मेहता चिडले आणि गांधींना विलायती रीतिरिवाजांचा पहिला धडा मिळाला. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी हे सगळं मोकळेपणाने सांगितलं आहे.

त्या सूटमध्ये काही खोट होती असं नाही. चुकला होता तो ऋतू आणि ठिकाण. कचेरीतल्या ज्या पोशाखाला आपण ‘सोवळा’ म्हणू शकू, त्याची सगळी मेख इथेच आहे. त्यात शोभण्याला दुय्यम महत्त्व. न खटकणं महत्त्वाचं. आणि काय खटकतं हे बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगेपर्यंत कळत नाही. गेल्या साडेतीनशे वर्षांत हे सोवळं कुणी ठरवलं, कुणी मोडलं आणि आज ते कुणाच्या अंगावर उरलं आहे, याचा हा धांडोळा.

दरबारातून कचेरीत

ऑक्टोबर १६६६. लंडन शहराचा मोठा भाग महिन्यापूर्वीच्या आगीत जळून गेला होता. त्या दिवसांत राजा दुसऱ्या चार्ल्सने दरबारी पोशाखाची नवी रीत जाहीर केली: कोटाच्या आत लांब बंडी. सरदारांना काटकसर शिकवायची हा त्यामागचा हेतू असल्याचं सॅम्युअल पेपिसने रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. पेपिस स्वतः शिंप्याचा मुलगा. कपड्यांवर त्याची नजर असायचीच. थ्री-पीस सूटची वंशावळ साधारण या बंडीपासून मोजतात.

दीडशे वर्षांनी ब्यू ब्रमेल आला. त्याच्याकडे ना मोठी जहागीर होती ना पदवी. त्याने जर, रेशीम आणि पावडर लावलेले केसांचे टोप बाजूला सारले. गडद रंगाचा अंगासरशी बेतलेला कोट, स्वच्छ धुतलेलं लिनन आणि खळ घालून बसवलेला गळपट्टा एवढ्यावर लंडनच्या उच्चभ्रूंना वेड लावलं. १८१६मध्ये कर्ज बुडवून त्याला फ्रान्सला पळावं लागलं आणि १८४०मध्ये तो तिथेच हलाखीत मेला. त्याने घालून दिलेला दंडक मात्र टिकला: पुरुषाच्या कपड्यातली श्रीमंती रंगात नको, बेतण्यात हवी. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल याने १९३०मध्ये या साऱ्या बदलाला पुरुषांचा ‘महान त्याग’ म्हटलं. नटण्याचा हक्क पुरुषांनी सोडला आणि बदल्यात कामाचा माणूस अशी प्रतिष्ठा घेतली.

कालचा ढिला, आजचा कडक

आज आपण ज्याला कडक फॉर्मल म्हणतो तो सूट एके काळी ढिला पोशाख होता. एकोणिसाव्या शतकातला वकील किंवा बँकर गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोट घाली. पुढे समोरून तिरका कापलेला मॉर्निंग कोट आला. आखूड कोटाचा ‘लाउंज सूट’ हा गावाकडे, समुद्रकाठी किंवा घरी आरामात बसताना घालायचा. १८९२मध्ये कामगार पुढारी किअर हार्डी ट्वीडच्या साध्या सूटमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात आला तेव्हा केवढा गहजब झाला! त्याच निवडणुकीत आपले दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून निवडून आले होते. पुढच्या चाळीसेक वर्षांत तोच आखूड कोट कचेरीचा नियम झाला आणि मॉर्निंग कोट लग्नापुरता आणि घोड्यांच्या शर्यतींपुरता उरला.

बाकीच्या वस्तूंचीही हीच गत. कॉलरची टोकं बटणांनी अडकवलेला शर्ट पोलोच्या मैदानातून आला. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकायला आणला. भोकाभोकांची नक्षी असलेले ब्रोग बूट मूळचे चिखलपाण्यात, रानात हिंडायचे. म्हणून तर लंडनच्या बँकर मंडळींत दंडक होता की शहरात तपकिरी बूट घालायचे नाहीत. तो रंग गावाकडचा. थोडक्यात, एका पिढीने सुट्टीत घातलेलं पुढच्या पिढीने कामावर घातलं आणि तिसरीने त्यालाच परंपरा म्हटलं.

इंचाइंचाचे नियम

आता हे सोवळं जवळून पाहू. रंग दोनच: गडद निळा आणि गडद राखाडी. काळा सूट आपल्याकडे लग्नाच्या स्वागतसमारंभात सर्रास दिसतो, पण इंग्रजी रिवाजात तो दिवसाच्या कामाचा नव्हे. तो अंत्यविधीचा, किंवा मग संध्याकाळचा. कोट एका रांगेच्या बटणांचा, दोन किंवा तीन बटणी. सर्वांत खालचं बटण उघडं ठेवायचं. राजा सातव्या एडवर्डचं पोट सुटल्यामुळे ही पद्धत पडली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, आता कोट बेतलाच असा जातो की खालचं बटण लावलं तर चुण्या पडतात.

शर्ट पांढरा किंवा फिका निळा. बाहीतून त्याची कड साधारण अर्धा इंच दिसावी. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत, वर नाही आणि खाली नाही. बूट काळे ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीच्या दोन्ही पट्ट्या वरच्या चामड्याखाली शिवून बंद केलेले. डर्बीत त्या वरून उघड्या असतात आणि म्हणून तो एक पायरी उतरता. मोजे एवढे लांब की पायावर पाय टाकून बसलं तरी नडगी दिसू नये.

तिरप्या पट्ट्यांच्या टायची तर वेगळीच गंमत. ब्रिटनमध्ये त्या पट्ट्या रेजिमेंटच्या, शाळेच्या, क्लबच्या खुणा. दुसऱ्याचे पट्टे घालणं म्हणजे खोटी ओळख सांगणं. पट्टे डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरतात. अमेरिकन दुकानदारांनी त्यांची दिशाच उलटी केली, म्हणजे कुणाचाच हक्क डावलला जात नाही आणि रुबाब तेवढाच राहतो.

चांगला शिंपी मात्र या सगळ्याआधी खांदा पाहतो. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पँटची घडी सोडून लांबी वाढवता येते. खांदा बसला नाही तर कोट उसवून नव्याने शिवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी पारख आतल्या थराची. समोरच्या खालच्या काजाजवळ कोटाचं कापड आणि अस्तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच अलग करावं. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर ते टाक्यांनी धरलेलं कॅनव्हास. तसं काही न लागता वरचं कापडच जाड आणि ताठ वाटलं तर फ्युझिंग, म्हणजे उष्णतेने चिकटवलेलं. चार ड्रायक्लीननंतर छातीवर बारीक फुगे येतात ते या स्वस्त कामाचे. कापडावरच्या ‘सुपर १२०’सारख्या आकड्यालाही भुलू नये. आकडा वाढतो तशी लोकर तलम होते आणि तलम कापड रोजच्या वापरात लवकर झिजतं. मुंबईच्या घामट हवेत हलक्या विणीचं ट्रॉपिकल वूल आणि पाठीला अर्धंच अस्तर हा शहाणपणाचा सौदा.

माल दिसत नाही तिथे

हे सोवळं सगळ्यांत कडक कुठे पाळलं गेलं? बँक, वकिली, विमा, हिशेब तपासणी. या धंद्यांत गिऱ्हाइकाला माल हातात घेऊन पाहता येत नाही. सुतार खुर्ची दाखवतो, सराफ दागिना दाखवतो. बँकर दाखवणार काय? स्वतःलाच. म्हणून त्याने असा पोशाख घ्यायचा की समोरच्याचं लक्ष कपड्यावर अडकू नये आणि हा माणूस उद्याही इथेच असेल असं वाटावं. यंत्रं विकणाऱ्या आयबीएमने हेच ओळखलं. थॉमस वॉटसनच्या जमान्यात तिथले विक्रेते गडद सूट आणि पांढऱ्या शर्टात बँकांच्या दारात जात, कारण गिऱ्हाईकही तसंच असे. १९९५मध्ये कंपनीचा प्रमुख लू गर्स्टनर याने तो दंडक काढून टाकला तो याच तर्काने: गिऱ्हाइकांनी कपडे बदलले, आपण का थांबायचं?

१९७५मध्ये अमेरिकेत जॉन टी. मॉलॉयचं ‘ड्रेस फॉर सक्सेस’ आलं आणि तुफान खपलं. त्यातला गाजलेला सल्ला रेनकोटचा: काळा नको, फिका मातकट घ्या, लोक तो सुखवस्तू घरातला समजतात. सल्ला निर्दय आहे आणि प्रामाणिकही. कपड्यावरून लोक तुमची ऐपत आणि घराणं जोखतात हे त्याने लपवलं नाही.

पगडीपासून परिपत्रकापर्यंत

आपल्याकडचा सोवळा पोशाख दोन कुळांचा संकर होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीची छायाचित्रं पाहा: डोक्यावर पगडी, खाली कोट. पुढे मास्तर, कारकून, वकील यांचा धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी असा संच ठरून गेला. तेव्हा डोकं उघडं ठेवून कचेरीत जाणं हाच मोठा अपराध होता.

१९३१च्या गोलमेज परिषदेत या साऱ्याला वेगळंच वळण मिळालं. गांधी पंचा नि शाल पांघरून बसले होते आणि डॉ. आंबेडकर सूटमध्ये. बॅरिस्टर झालेल्या गांधींना सूट टाकून देता आला, कारण तो त्यांच्यापासून कुणी हिरावला नव्हता. ज्या समाजाच्या चांगलं नेसण्या-लेण्यावरही गावोगाव बंदी होती, त्याच्या नेत्याने कोलंबिया आणि ग्रेज इनमधून मिळवलेला सूट अंगावर ठेवणं हे आपणही याच पंक्तीतले, असं सांगणं होतं. आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा सूट आहे. भारतात सूटला एवढा अर्थ दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

कापडाची बाजूही इथलीच. १९२५मध्ये ठाण्यात रेमंडची लोकर गिरणी सुरू झाली आणि लग्नात जावयाला सूटचं कापड देणं मध्यमवर्गात रुळलं. टेरिकॉट आलं, सत्तरच्या दशकात सफारी सूट आला. टाय नाही, आत वेगळा शर्ट नाही, अधिकारीपणा मात्र शाबूत. उष्ण देशाने सूटवर काढलेला हा तोडगा पुढे चेष्टेचा विषय झाला, पण कल्पना वाईट नव्हती. वकिलांचा काळा कोट मात्र टिकून आहे. बार कौन्सिलच्या नियमांनी उन्हाळ्यात खालच्या कोर्टांना सवलत दिली तरी सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना ती नाही. आणि डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: जीन्स नको, टी-शर्ट नको, पायात स्लिपर नको, शुक्रवारी खादी. कोटाचं नाव नाही, टायचं नाही. आपल्या सोवळ्याची किमान रेषा आता इस्त्रीचा शर्ट आणि पँट इथे आली आहे.

टाय सुटतो तेव्हा

ही घसरण जगभरची आहे. १९९२मध्ये डॉकर्स या पँटच्या ब्रँडने अमेरिकी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना ‘कॅज्युअल’ कपड्यांची मार्गदर्शक पुस्तिकाच पाठवली. नियम सैल करतानाही नियमावली लागली आणि ती लिहिली पँट विकणाऱ्याने! २००५मध्ये जपान सरकारने वीज वाचवण्यासाठी कचेऱ्यांतले एसी २८ अंशांवर आणले आणि टाय-कोट काढायला सांगितलं. २०१९मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेनेही आपला पोशाखाचा नियम सैल केला. कोविडच्या वर्षात दोनशे वर्षांच्या ब्रूक्स ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२२मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने महागाई मोजण्याच्या यादीतून पुरुषांचा सूट वगळला.

तरी तो मेला म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकी सिनेटने पोशाखाचा अलिखित दंडक सैल केला आणि त्याच महिन्यात लेखी ठराव करून कोट-टाय परत आणला. फेब्रुवारी २०२५मध्ये व्हाइट हाउसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना एका वार्ताहराने सूट का घातला नाही म्हणून विचारलं; चाललेल्या युद्धाइतकीच त्या प्रश्नाची चर्चा झाली.

आज तो कुणाच्या अंगावर आहे

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या इमारतीत दुपारी जाऊन पाहा. कंपनीचा संस्थापक टी-शर्ट आणि पांढऱ्या स्नीकर्समध्ये लिफ्टमधून उतरतो. टाय असतो तो स्वागतकक्षातल्या मुलाच्या गळ्यात, सुरक्षा पर्यवेक्षकाच्या गळ्यात आणि भर मे महिन्यात विम्याचे फॉर्म घेऊन फिरणाऱ्या पोराच्या गळ्यात. ज्याला काही सिद्ध करायचं उरलं नाही त्याने टाय आधी काढला. ज्याच्यावर अजून कुणाचा भरवसा नाही त्याला तो बांधावा लागतो.

म्हणून सूट गेला की बरोबरी आली, हे मला पटत नाही. सूटचे नियम जाचक आहेत, परके आहेत, आपल्या हवेला गैरसोयीचेही आहेत. पण ते उघड आहेत. रंग दोन, शर्ट दोन, बूट एक. खांदा बसलेला, बाहीतून अर्धा इंच, टाय बकलापर्यंत. परभणीहून किंवा सावंतवाडीहून पहिल्या मुलाखतीला आलेल्या मुलाला हे एका संध्याकाळी शिकता येतं आणि एका सूटवर पाच वर्षं निभावता येतात. उलट ‘काहीही घाला’ म्हणणाऱ्या कचेरीत कोणता टी-शर्ट चालतो, कोणता स्नीकर बरोबर आणि कोणता ‘गावठी’, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते ज्या घरांत, ज्या कॉलेजांत आपोआप कळतं तिथल्यांनाच ठाऊक असतं. नियम नाहीत असं म्हटल्याने नियम जात नाहीत, फक्त ते शिकायची सोय जाते. तेव्हा शंका असेल तिथे गडद निळा सूट घालून जावं. तो जरा जास्त झाला तर लोक हसतील, पण दारातून परत पाठवणार नाहीत.