घरसभेत बोलायचं कुणी?

मंडळीचं रोजचं जगणं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण रविवारच्या उपासनेची रचना पाहिली. तिथे बहुतेक वेळ पाळकसाहेब बोलतात आणि मंडळी ऐकते. तसं का, तेही पाहिलं. पण दर रविवारी दीड-दोन तास ऐकून उठणाऱ्या माणसाला स्वतःचं काही सांगायचं असेल, तर त्याने जायचं कुठे? त्यासाठी घरसभा आहे. संभाजीनगरात कुणी तिला कॉटेज मीटिंग म्हणतं, कुणी नुसतंच 'गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना आहे, या' असं सांगून मोकळं होतं. पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच.

या शहरात तिची गरज नकाशा पाहिला तरी कळते. जुनं चर्च छावणीत. ख्रिस्ती कुटुंबं मात्र सिडको-हडकोपासून वाळूजच्या कामगार वसाहतींपर्यंत पांगलेली. नगर, जालना, बीडच्या खेड्यांतून एमआयडीसीच्या भरवशावर आलेली ही माणसं. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी, साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल याची खात्री नाही. चौघांच्या रिक्षाभाड्याचाही हिशेब असतो. मग चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची आठ-दहा घरं आठवड्यातल्या एका संध्याकाळी एकत्र बसतात. वार ठरवताना नळाला पाणी कधी येणार, हे आधी विचारावं लागतं. पाण्याच्या दिवशी सभा ठेवणारा पुढारी शहरात नवा आहे असं खुशाल समजावं.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातली सभा डोळ्यांपुढे आणा. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. 'उपासना संगीत'ची पुठ्ठा निघालेली एक प्रत मधे ठेवलेली, पोरं तेच गीत मोबाइलवर शोधतात. नारायण वामन टिळकांचं एखादं भजन ठरलेलंच. ढोलकी असली तर उत्तम, नसली तर टाळ्या. मग प्रार्थना, शास्त्रपाठ, वचनावर दहा मिनिटं. आणि मग पुढारी विचारतो, "प्रार्थनेचे विषय सांगा." खरी सभा इथून पुढे. एक मावशी हळूच म्हणतात, "पोराचं कंत्राट संपलं. तीन आठवडे घरीच आहे. कुणाला सांगू नका." दहा माणसांसमोर 'कुणाला सांगू नका' म्हणत सांगितलेली ही गोष्ट रविवारी व्यासपीठापर्यंत कधीच पोचली नसती. इथे मात्र प्रार्थना संपायच्या आत भिंतीला टेकून बसलेला कुणी काका म्हणतो, "त्याला उद्या सकाळी गेटवर पाठवा, मी सुपरवायझरशी बोलतो."

घरसभेचं काम एवढंच. ते तिने केलं तर ती चालली म्हणायची.

हे काम जगाच्या लक्षात आलं ते गंमत म्हणजे एका कर्जामुळे. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते जमणार नाही, अशी हरकत आली. तेव्हा तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं नाही तर त्यांचे पैसे मी भरतो. बारा-बारा जणांचे गट पडले आणि गटप्रमुख दर आठवड्याला घरोघरी वसुलीला जाऊ लागले. पैसे गोळा करताना त्यांना घरातलं दिसायला लागलं: कुठे दारू, कुठे भांडण, कुठे दुखणं. वेस्ली यांना हवी होती ती देखरेख अशी न मागता हाती आली. पुढे दारोदार फिरण्यापेक्षा सगळ्यांनी एका जागी जमावं असं ठरलं, आणि हे वर्ग मेथडिस्ट चळवळीचा कणा झाले. ही परंपरा आपल्याला परकी नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात मेथडिस्टही होते.

बारा हा आकडाही चांगला आहे. भिशीत एक बाई आली नाही तर तिच्या घरी लगेच फोन जातो. दोनशेच्या मंडळीत एक माणूस महिनाभर आला नाही तरी पत्ता लागत नाही. गट पंधरा-सोळाच्या पुढे गेला की तो भिशीसारखा राहत नाही, मंडळीसारखा होतो. तेव्हा त्याचे दोन करावेत. लोक नाराज होतात, तरी करावेत.

मुळात मंडळी घरातच जन्मली. प्रिस्का आणि अक्विला हे तंबू करणारं जोडपं. त्यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला पौल रोमकरांच्या पत्रात सलाम पाठवतो. फिलिप्पैमधली जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया, कलस्सैकरांच्या पत्रातली नुंफा, फिलेमोन यांचीही घरं अशीच उघडी होती. यजमानांत बायका किती आहेत ते पाहा. सीरियात दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं. एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतींवर चित्रं. मोठाली चर्च उभी राहिली ती चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइनच्या काळापासून.

मराठवाड्यातही इमारत नंतरच आली. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नौरोजी या पारशी कुळातून आलेल्या पाळकांनी वाढवलं. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभारली. या भागातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेली माणसं बहुतांशी महार-मांग वाड्यांतली, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारी. त्यांची उपासना दिवेलागणीनंतरच होणार: मास्तरांच्या शाळेच्या खोलीत, नाहीतर कुणाच्या अंगणात कंदील ठेवून. अक्षरओळख नसलेल्यांना वचन पाठ व्हायचं ते भजन-कीर्तनातून. म्हणून घरसभा ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला आपल्या आजीला विचारायला सांगावं.

आता बिघाडांकडे. सगळ्यांत मोठा बिघाड पुढाऱ्याचा. दहा मिनिटं बोलायचं ठरलेलं असतं, तो चाळीस मिनिटं घेतो. रविवारी ऐकलं तेच गुरुवारी पुन्हा, फक्त मांडी घालून ऐकायचं. साक्ष राहून जाते, मावशी काही न बोलता घरी जातात. दुसरा बिघाड पोह्यांचा, आणि त्याला कमी लेखू नका. एका घरी चहा झाला, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पोहे आणि गुलाबजाम. पाचव्या आठवड्यापासून ज्यांना परवडत नाही ते 'आमच्याकडे पुढच्या महिन्यात' म्हणायला लागतात आणि मग त्यांचं दार बंदच राहतं. नियम कडक हवा: चहा आणि बिस्किट, यजमान डॉक्टर असला तरी. बाहेर फुटलेल्या गोष्टींबद्दल काय सांगावं? कुणाच्या घरातलं भांडण एकदा प्रार्थनेचा विषय म्हणून गावभर झालं की त्या घरातून पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. माईकही नको, आठ-दहा माणसांना तो कशाला, आणि शेजाऱ्यांनाही सकाळी कामावर जायचं असतं.

घरगटांचं नाव निघालं की दक्षिण कोरियातल्या सोलचं उदाहरण दिलं जातं. १९६४ मध्ये डेव्हिड योंगी चो हे पाळक अतिश्रमाने कोसळले, तेव्हा त्यांनी शहरभर घरगट पाडले आणि ते मुख्यतः स्त्रियांच्या हाती दिले. पुढे त्यांची मंडळी जगातली सगळ्यांत मोठी म्हणून गाजली. त्याच चो यांना २०१४ साली मंडळीच्या पैशांच्या अपहारप्रकरणी न्यायालयाने दोषी ठरवलं, हे मात्र कुणी सांगत नाही. खाली हजारो घरगट असले तरी वर हिशेब विचारणारी समिती वेगळीच लागते. घरसभेकडून ती अपेक्षा करू नये.

स्त्रियांबद्दल मात्र चो यांचं बरोबर होतं. आपल्याकडे घरसभेला घर बायकांचं, बोलावणी बायकांची, गाण्याची सुरुवात बायकांची, आणि मंडळीच्या वहीत पुढारी म्हणून नाव मात्र नवऱ्याचं! ही वही दुरुस्त करायला खर्च काही नाही.

तुमच्या गल्लीत सभा भरत असेल तर येत्या खेपेला एक करा. पुढारी किती मिनिटं बोलला आणि बाकीचे सगळे मिळून किती, ते घड्याळावर बघा. निम्म्याहून जास्त वेळ त्याचाच असेल तर पुढारी बदला. आणि पुढारी तुम्ही स्वतःच असाल तर पुढच्या गुरुवारी शेवटी बोला. पुढचा लेख महिला मंडळावर.