लोरेना गेल : मॉन्ट्रियलच्या स्मृतीत जागा मागणारी नाटककार

कॅनडा हा दोन भाषांचा देश आहे असे १९६९ च्या राजभाषा कायद्याने ठरवले आणि इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना केंद्रीय शासनव्यवहारात समान दर्जा मिळाला. परंतु या तरतुदीमागे ‘दोन संस्थापक समाज’ ही जी कल्पना उभी होती, तिने देशाचा इतिहास इंग्रज आणि फ्रेंच वसाहतकारांच्या वारसांमध्ये वाटून टाकला होता. या भूमीचे मूळ रहिवासी त्या वाटणीत नव्हते, आणि सतराव्या शतकापासून तेथे आणली गेलेली, राबवली गेलेली कृष्णवर्णीय माणसेही नव्हती. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री आणि नाटककार लोरेना गेल (१९५८–२००९) यांची कारकीर्द महत्त्वाची ठरते ती याच कारणाने. दोन्ही भाषा ज्या शहरात कानावर पडतात तेथे त्या वाढल्या, दोन्ही भाषांना त्यांनी आपल्या लेखनात जागा दिली, आणि तरीही दोन्ही भाषिक समाजांनी सांगितलेल्या इतिहासात आपल्याला स्थान नाही, ही जाणीव त्यांनी रंगभूमीवर आणली.

गेल ज्या समाजातून आल्या त्याची घडण समजल्याशिवाय त्यांच्या नाटकांचे मर्म कळत नाही. मॉन्ट्रियलमधील जुनी कृष्णवर्णीय वस्ती शहराच्या रेल्वे स्थानकांच्या आसपास वाढली, कारण तेथील पुरुषांना सहज मिळणारी नोकरी म्हणजे रेल्वेच्या शयनयान डब्यांतील पोर्टरची, म्हणजे प्रवाशांचे बिछाने घालणाऱ्या, सामान उचलणाऱ्या आणि रात्रभर त्यांच्या दिमतीला राहणाऱ्या सेवकाची होती. अमेरिकेतून, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि इंग्रजांच्या ताब्यातील कॅरिबियन बेटांवरून आलेली ही माणसे बहुतांशी इंग्रजी बोलत. त्यांनी १९०७ साली युनियन युनायटेड चर्च उभारले आणि पुढे ऑस्कर पीटरसन यांच्यासारखा जगप्रसिद्ध जॅझ पियानोवादक याच वस्तीने दिला. शहरातील सत्ता आणि संपत्ती दीर्घकाळ इंग्रजी भाषकांच्या हाती होती, हे खरे. पण त्या संपत्तीत या इंग्रजी भाषक कृष्णवर्णीयांचा वाटा नव्हता. पुढे क्वेबेकमधील फ्रेंच बहुसंख्याकांनी इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध आवाज उठवला तेव्हा मात्र भाषेच्या निकषावर हेच लोक वर्चस्ववाद्यांच्या रांगेत मोजले गेले. साठ आणि सत्तरच्या दशकांत हैतीमधून फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आले, आणि जुन्या वस्तीचे वेगळेपण आणखी अवघड झाले.

गेल यांचे बालपण आणि तारुण्य नेमके या उलथापालथीच्या काळात गेले. क्वेबेकमध्ये चर्चचे शिक्षण व आरोग्य या क्षेत्रांवरील नियंत्रण संपवणारी, ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखली जाणारी सुधारणांची लाट साठच्या दशकात आली. १९७० साली स्वतंत्र क्वेबेकसाठी शस्त्र उचलणाऱ्या गटाने केलेल्या अपहरणांनंतर मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर सैन्य उतरले. आणि १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेने, म्हणजे सर्वसामान्य बोलण्यात ‘बिल १०१’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, दुकानांच्या पाट्यांपासून स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेपर्यंत फ्रेंचला अग्रक्रम दिला. त्या वेळी गेल एकोणीस वर्षांच्या होत्या. एका बाजूने पाहता हा कायदा दडपल्या गेलेल्या भाषेचा न्याय्य हक्क होता आणि फ्रेंचला तेथे बळ मिळाले ते मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळेच. पण बहुसंख्याकांच्या न्याय्य लढ्यातही लहान समाजांची कोंडी होऊ शकते, ही गोष्ट तितकीच खरी आहे, आणि गेल यांचे लेखन या दोन्ही सत्यांना एकत्र धरून चालते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्या ‘ब्लॅक थिएटर वर्कशॉप’ या मॉन्ट्रियलमधील नाट्यसंस्थेच्या कलासंचालक झाल्या. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेली ही संस्था कॅनडातील कृष्णवर्णीय रंगभूमीच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे. कलासंचालकाचे काम नाटकांची निवड करणे, दिग्दर्शक आणि नट ठरवणे, संस्थेच्या वर्षभराच्या प्रयोगांना एक दिशा देणे असे असते. आणि या पदावर बसलेल्या तरुण अभिनेत्रीला कृष्णवर्णीय कॅनडावासीयांच्या स्वतःच्या अनुभवावर लिहिलेल्या संहिता किती थोड्या आहेत हे रोजच्या कामातच दिसत असणार. अमेरिकन किंवा कॅरिबियन नाटके उपलब्ध होती, ती समर्थ होती, पण त्यांतील भूगोल आणि इतिहास दुसरीकडचा होता.

१९८८ च्या सुमारास त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हँकुव्हरला स्थायिक झाल्या. तेथील रंगभूमीवर त्यांचा जम लवकर बसला, जॉर्ज सी. वुल्फ यांच्या ‘द कलर्ड म्युझियम’ या नाटकातील कामासाठी त्यांना व्हँकुव्हरच्या नाट्यक्षेत्रातील मानाचा जेसी पुरस्कार मिळाला. अमेरिकन चित्रपट आणि मालिकांचे चित्रीकरण या शहरात मोठ्या प्रमाणावर होत असल्याने तेथील नटांना पडद्यावर काम मिळते, पण ते बहुधा छोट्या भूमिकांचे असते: न्यायाधीश, परिचारिका, शेजारीण, पोलीस अधिकारी. गेल यांनी अशा असंख्य भूमिका केल्या. जगभरातील प्रेक्षकांना त्या आठवतात त्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या विज्ञानकथेवर आधारलेल्या मालिकेतील इलोशा या पुजारिणीच्या रूपात. मानवजातीचा जवळजवळ संपूर्ण संहार झाल्यानंतर उरलेल्या मूठभर माणसांच्या नव्या राष्ट्राध्यक्षेला शपथ देणारी ही पुजारीण २००३ च्या आरंभीच्या भागातच येते, मालिकेच्या दुसऱ्या पर्वात मरते आणि पुढे राष्ट्राध्यक्षेच्या दृष्टांतात परत येते. पडद्यावरचा अवधी थोडा असूनही त्या भूमिकेला वजन आले ते गेल यांच्या संथ, ठाम उच्चारामुळे. तथापि पडद्याने त्यांना जे दिले ते उपजीविका आणि ओळख. स्वतःला जे म्हणायचे होते ते म्हणण्यासाठी त्यांना लिहावे लागले.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे नाटक ‘आंजेलिक’ हे होय. त्याचा विषय मॉन्ट्रियलच्या इतिहासातील एक सत्य घटना आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण कॅनडातील पुष्कळ सुशिक्षितांनाही ती दीर्घकाळ माहीत नव्हती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वेबेक ‘न्यू फ्रान्स’ या फ्रेंच वसाहतीचा भाग होता आणि गुलामगिरी तेथे प्रचलित होती. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी १९६० साली जुन्या नोंदी चाळून चार हजारांच्या आसपास गुलामांची गणना केली, ज्यांपैकी बहुसंख्य मूळ रहिवासी समाजांतील होते. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर जन्मलेली मारी-जोसेफ आंजेलिक ही कृष्णवर्णीय स्त्री मॉन्ट्रियलमधील फ्रांश्व्हील नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी गुलाम होती. तिला झालेली तिन्ही मुले तान्हेपणीच गेली. मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने सहाशे पौंड बंदुकीच्या दारूच्या मोबदल्यात तिची विक्री ठरवली. दरम्यान आंजेलिक आणि घरात करारावर राबणारा गोरा नोकर क्लोद तिबो हे दोघे हिवाळ्यात पळून जाण्याचा प्रयत्न करून पकडले गेले होते. १० एप्रिल १७३४ च्या संध्याकाळी विधवेच्या घराच्या छताला आग लागली आणि काही तासांत रुग्णालयासह ४६ इमारती जळून खाक झाल्या.

दुसऱ्याच दिवशी आंजेलिकला अटक झाली. वसाहतीच्या कायद्यात वकिलांना स्थान नव्हते आणि लोकांमधील बोलवा हे संशयाला पुरेसे कारण मानले जात असे. वीसहून अधिक साक्षीदार आले, पण तिला आग लावताना पाहिल्याचे त्या प्रौढ साक्षीदारांपैकी कोणीही सांगितले नाही, तसे सांगणारी एक पाच वर्षांची मुलगी अगदी शेवटी उभी राहिली. आंजेलिकने आरोप सातत्याने नाकारला. शिक्षा ठरल्यानंतर लाकडी फळ्यांमध्ये पाय आवळून पाचर ठोकण्याचा छळ तिच्यावर झाला तेव्हा तिने कबुली दिली, पण साथीदार म्हणून कोणाचेही नाव घेतले नाही. २१ जून १७३४ रोजी तिला फाशी देण्यात आले आणि प्रेत जाळण्यात आले. फाशी देणारा जल्लाद हाही गुलाम असलेला कृष्णवर्णीय पुरुष होता. तिबो मात्र पळून गेला आणि पुन्हा सापडला नाही. आग तिने लावली की नाही यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही: दनीझ बोग्रां-शांपान्य यांच्या मते ती निर्दोष होती, तर आफुआ कूपर तिच्या कृतीकडे गुलामगिरीविरुद्धचे बंड म्हणून पाहतात.

या दोन्ही अभ्यासकांची पुस्तके एकविसाव्या शतकातली आहेत, तर गेल यांच्या नाटकाने राष्ट्रीय पातळीवरील नाट्यलेखन स्पर्धा १९९५ सालीच जिंकली होती, आणि १९९८ साली कॅल्गरी येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यांनी सरळ ऐतिहासिक नाटक लिहिण्याचे टाळले. खटल्याच्या नोंदी विस्तृत स्वरूपात उपलब्ध आहेत, पण त्या न्यायालयाच्या लिपिकाने लिहिलेल्या; आरोपीचे शब्द त्यांत आहेत ते अधिकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या चौकटीत. गेल यांनी या नोंदींच्या बाहेरचे जग, म्हणजे घरातली धुणीभांडी, मालकिणीचा संशय, गुलाम स्त्रीच्या शरीरावर इतरांनी सांगितलेला हक्क, तिचे मातृत्व आणि मुलांचे मरण, हे रंगमंचाच्या मध्यभागी आणले. काळाच्या बाबतीत त्यांची योजना धाडसी आहे: अठराव्या शतकातील आणि आजची वेशभूषा, तेव्हाची आणि आत्ताची घरकामाची साधने एकमेकांत मिसळतात, आणि गुलाम पात्रे रंगमंचावर असताना त्यांचे काम चालूच राहते. संवाद कोणाचेही असोत, काम करणारे हात प्रेक्षकांच्या नजरेआड होत नाहीत, त्यामुळे श्रम हाच नाटकाचा अखंड चालणारा युक्तिवाद बनतो. ही रंगसूचना दिसायला साधी आहे, पण ती सुचण्यासाठी लेखिकेला नटाच्या शरीराचे ज्ञान असावे लागते. गेल यांच्यातील अभिनेत्री त्यांच्यातील नाटककाराला सर्वाधिक उपयोगी पडली असेल तर ती येथे.

‘आंजेलिक’ने अडीचशे वर्षांहून जुनी स्मृती उकरली, तर ‘ज म सुव्हियां’ या दुसऱ्या नाटकाने लेखिकेची स्वतःची स्मृती. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘मला आठवते’ असा असून ते क्वेबेक प्रांताचे ब्रीदवाक्य आहे. वास्तुविशारद ताशे यांनी ते १८८३ साली प्रांतिक विधानभवनाच्या दर्शनी भागासाठी सुचवले आणि १९७८ पासून ते तेथील प्रत्येक मोटारीच्या नंबरप्लेटवर झळकते. गेल यांनी ते जसेच्या तसे उचलले आणि त्याला एक लांबलचक उपशीर्षक जोडले, ज्यात त्या स्वतःला एकाच वेळी इंग्रजी भाषक, मॉन्ट्रियलवासी, क्वेबेकवासी आणि कॅनडात हद्दपार झालेली व्यक्ती म्हणवतात. कॅनडाच्याच एका प्रांतातून त्याच देशाच्या दुसऱ्या प्रांतात गेलेल्या नागरिकाने स्वतःला हद्दपार म्हणावे, यातील वेदना खरी आहे.

हा एकपात्री प्रयोग होता आणि तो गेल यांनी स्वतःच सादर केला. त्याची पार्श्वभूमी १९९५ चे सार्वमत ही आहे. क्वेबेकने कॅनडापासून वेगळे व्हावे का, या प्रश्नावर झालेल्या त्या मतदानात ‘नाही’ म्हणणारा पक्ष केवळ ५०.५८ टक्के मते मिळवून जिंकला, आणि त्या रात्री प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान जाक पारिझो यांनी पराभवाचा दोष पैशाला आणि अल्पसंख्य वंशगटांच्या मतांना दिला. हे उद्गार ऐकणाऱ्या कृष्णवर्णीय क्वेबेकवासीयांना आपण क्वेबेकच्या ‘आपल्या’ लोकांत मोजले जातो का, हा जुना प्रश्न पुन्हा पडला. गेल यांचे उत्तर युक्तिवादातून येत नाही, तपशिलातून येते: मॉन्ट्रियलमधील बालपण, शाळा, रस्ते, वर्णभेदाचे अनुभव, आणि हजारो किलोमीटर दूर व्हँकुव्हरमध्ये बसून त्या शहरासाठी तुटणारे मन. भाषा मुख्यतः इंग्रजी असली तरी फ्रेंच त्यात अनुवादाविना ये-जा करते, कारण मॉन्ट्रियलमध्ये वाढलेल्या माणसाच्या बोलण्यात ती तशीच येते. ज्या शहरावर रागावायला पुष्कळ कारणे आहेत त्याच्यावरचा हक्क सोडायला ही लेखिका तयार होत नाही, आणि तक्रारीपेक्षा हा हक्कच नाटकाला उंची देतो.

कर्करोगाने २१ जून २००९ रोजी, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, गेल यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी मॉन्ट्रियल महापालिकेने नगरसभागृहाजवळील एका चौकाला मारी-जोसेफ आंजेलिकचे नाव दिले. ‘आंजेलिक’ नाटक मात्र ज्या शहरात ते घडते तेथे व्यावसायिक प्रयोगाच्या रूपात पोहोचायला २०१७ साल उजाडावे लागले. तोवर कॅल्गरीतील पहिल्या प्रयोगाला जवळजवळ दोन दशके उलटली होती. तो प्रयोग उभा करण्यात पुढाकार घेणाऱ्या दोन संस्थांपैकी एक ‘ब्लॅक थिएटर वर्कशॉप’ होती, आणि दोन वर्षांनी हेच नाटक टोरांटोच्या रंगमंचावरही गेले.