खरं चर्च कोणतं?

दोह्यात अबू हमूरला एकाच आवारात कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स चर्चेस आहेत. जमीन अमिरांनी दिलेली. बाहेर क्रूस नाही. कॅथलिक चर्च २००८ मध्ये उघडलं. शुक्रवारच्या सुट्टीला माझे दोन मित्र एकाच गाडीने तिथे जातात: वसईचा कॅथलिक, नगरचा प्रोटेस्टंट.

वसईकर म्हणतो, आमची परंपरा थेट संत पेत्रापासूनची. नगरकराला बायबल पुरे. २००० साली व्हॅटिकनने प्रोटेस्टंट मंडळ्यांना खऱ्या अर्थाने चर्च म्हणायचं नाकारलं, ते त्याला अजून झोंबतं. त्यांचा बाप्तिस्मा मात्र रोमला मान्य!

आता नगरकराचं वसईच्या मुलीशी जमलंय. तिला बिशपची परवानगी हवी. मुलांना कॅथलिक वाढवायला शक्य ते करीन, असं वचनही. "एकतर्फी का?" तो विचारतो. वसईकर गप्प. इतक्या शतकांचा वाद, अजून न जन्मलेल्या पोरांपाशी येऊन अडलाय.