हप्त्यावर घेतलेली गिटार

आयर्लंडमधील कॉर्क शहरी, क्राउली यांच्या वाद्यांच्या दुकानात, १९६३ साली एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार विक्रीस आली. पहिल्या धन्याने तांबडी मागविली असता ही पिंगट छटांची हाती पडली, आणि मनाजोगती मिळताच त्याने हिला निरोप दिला होता. किंमत शंभर पौंड. पंधरा वर्षांच्या रोरी गॅलाघरने ती हप्त्यावर उचलली आणि आईची समजूत घातली ती अशी की, हिच्यावर मुख्य सुरावट आणि साथ दोन्ही आपण एकटेच वाजवू, दुसऱ्या गिटारवाल्याची गरजच उरणार नाही. पोराचा हा जमाखर्च पुढे त्याच्या सबंध कारकिर्दीचा आराखडा ठरावा, हे त्या माउलीच्या ध्यानी कोठून येणार?

आरंभी त्याने ‘शोबँड’ची चाकरी केली, म्हणजे नृत्यगृहांतून चालू गाणी हुबेहूब वाजविणाऱ्या, आपल्याकडील लग्नाच्या बँडशी दूरचे नाते सांगणाऱ्या ताफ्यात. १९६६ साली त्याने ‘टेस्ट’ ही तिघांची मंडळी उभारली. तिघांतच भागवावयाचे म्हणजे पोकळी भरण्याचा भार गिटारवर पडतो, आणि ही मंडळी वाजवी त्या ब्लूजला तर अशी पोकळी मानवतेच. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ह्या गायकीत कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधली जी जागा पियानोच्या पट्टीवर सापडत नाही, ती गिटारवादक तार बोटाने ओढून गाठतो. मींड कानात मुरलेल्या श्रोत्यास ह्याहून अधिक खुलासा नको.

१९७० च्या ऑगस्टात इंग्लंडच्या वाइट बेटावरील संगीत महोत्सवात ‘टेस्ट’ने लोकांना वेड लावले आणि त्याच वर्षअखेर, व्यवस्थापनाच्या व पैशाच्या तंट्यांपायी, मंडळी मोडली. पुढची पंचवीस वर्षे तो ‘स्वतंत्र’ वादक म्हणून ओळखला गेला. मला हा शब्द फसवा वाटतो, कारण जेरी मॅकॅव्हॉय हा बासवादक त्यातील सुमारे वीस वर्षे त्याच्या बाजूस उभा होता आणि कारभार सख्ख्या भावाच्या, डोनलच्या, हाती होता. बदलले ते पाटीवरचे नाव. १९७५ च्या प्रारंभी रोलिंग स्टोन्सने, त्यांचा गिटारवादक मिक टेलर याची जागा रिकामी झाल्यावर, त्याला रॉटरडॅमला बोलावून काही रात्री सोबत वाजविले. परंतु त्याचा जपानचा दौरा ठरलेला होता; दिल्या शब्दास जागून तो तिकडे रवाना झाला. उत्तर आयर्लंडमधील यादवीच्या काळात, गोळीबार आणि स्फोटांच्या धास्तीने इतर कलावंत बेलफास्टकडे फिरकत नसत, त्या दिवसांतही तो तेथे वाजवीत राहिला. ‘आयरिश टूर ’७४’ ह्या तबकडीत त्या मैफलींचा आवाज आहे.

यकृत बदलल्यानंतरच्या गुंतागुंतीत १४ जून १९९५ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये तो गेला. घामाने जिचे रोगण जागोजाग उडून नुसते लाकूड उघडे पडले होते, ती गिटार २०२४ साली लंडनच्या लिलावात शुल्कासह पावणेनऊ लाख पौंडांवर गेली आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास देऊ केली.