बंबाचा धूर आणि छातीतली कळ

थंडीच्या दिवसांत आंबीत पहाटे सहाला घराबाहेर पडले, की इंद्रायणीच्या अंगाला पांढरा थर दिसतो. आपण त्याला धुके म्हणतो. जरा श्वास घेऊन पाहा. त्यात ओल्या लाकडाचा वास असतो, जळक्या प्लॅस्टिकचा असतो आणि एमआयडीसीकडे निघालेल्या ट्रकच्या डिझेलचाही असतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते आणि धूर अडकून पडतो. ऊन चढले की झाकण निघते. म्हणून दमेकऱ्यांचे हाल हिवाळ्यात वाढतात, आणि त्यातही सकाळी.

धुराने खोकला येतो हे सर्वांना माहीत आहे. धुराने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे मात्र आपल्या वस्त्यांमध्ये फार थोड्यांना माहीत आहे.

रस्त्याची जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, शिंकेतून, थुंकीतून बाहेर पडते. डिझेल, लाकूड, कचरा जळताना निघणारे कण फार बारीक असतात. त्यांना 'पीएम २.५' म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे सूज येते. सर्वांत बारीक कण पुढे रक्तातही उतरतात. सुजेमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त लवकर गोठते. ज्याच्या हृदयाच्या वाहिनीत आधीच चरबीचा थर बसला आहे, त्याच्या त्या थराला तडा जाऊन तिथे गाठ धरू शकते. मेंदूच्या वाहिनीत तसे झाले तर पक्षाघात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बाहेरची आणि घरातली दूषित हवा मिळून जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसांचा अकाली बळी घेते. त्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा मोठा आहे.

'मी बिडीला कधी हात लावला नाही, मला दम्यासारखा आजार कसा?' असे बायका विचारतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली एका सहकाऱ्यासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचेच उत्तर दिले. श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार असलेल्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण.

घरात गॅस आला तरी हा धूर गेलेला नाही. सिलिंडर पुरवायचा असतो, म्हणून स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी बंबावर. बंबात काय जाते? लाकडाचे तुकडे, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, फाटक्या चपला, कधी टायरचा तुकडाही. प्लॅस्टिक आणि रबर जळताना निघणारा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो, आणि तो दोन पावलांवर झोपलेल्या बाळाच्या नाकात जातो. मोबाइलवर हवेचा जो आकडा दिसतो तो शहरातल्या यंत्राचा. आपल्या बंबाशेजारचा नव्हे. बंब ठेवायचाच असेल तर तो दारापासून दूर, उघड्यावर, सुके लाकूड घालून पेटवा. प्लॅस्टिक घंटागाडीत जाऊ द्या. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला आहे. पण घंटागाडी आठवडाभर फिरकली नाही तर कचरा पेटणारच. म्हणून नुसते शेजारणीवर ओरडू नका, ग्रामपंचायतीला पाचदहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या.

थंडीत दार लावून शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस जातो.

डासांच्या कॉइलचेही तसेच आहे. एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघाल्याचे आढळले. मच्छरदाणी बरी. वंदनेच्या वेळी आपण मेणबत्ती, अगरबत्ती लावतो. ती सोडा असे कोणी म्हणत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत एक काडी पुरे, खिडकी उघडी हवी. विहारात गर्दीच्या दिवशी जुडगाच्या जुडगा लावण्याऐवजी फुले वाहा. पुढच्या रांगेत बसलेल्या आजींचा श्वास मोकळा राहील.

आपल्यातले बरेच जण झाडूकामाला, बांधकामावर, खडीच्या कामावर जातात. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो आणि तो ठेकेदाराने द्यायचा असतो. झाडण्याआधी पाणी शिंपडले तरी पुष्कळ फरक पडतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. ती मोफत असते. क्षयरोग नसेल आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी मागा. डॉक्टरांनी पंप दिला तर घ्या. 'पंपाची सवय लागते' ही चुकीची समजूत आहे. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून गोळीपेक्षा फार थोडे पुरते.

आणि छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर 'गॅस झाला' म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कळ न येता नुसती धाप, मळमळ, एकदम गळून गेल्यासारखेही होते. अशा वेळी माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे, आणि दवाखान्यात पोहोचताच ईसीजी काढायला सांगा.