घरातला राउटर : एक पत्ता, एक नोंदवही आणि दोन पासवर्ड

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंच्या घरी दोन वर्षांपूर्वी फायबरचे इंटरनेट आले. जोडणीसाठी आलेला मुलगा चुणचुणीत होता. अर्ध्या तासात त्याने भिंतीला भोक पाडले, बारीक तार आत घेतली, पांढरे खोके टीव्हीच्या मागे सरकवले आणि विचारले, "मॅडम, पासवर्ड काय ठेवू? तुमचा मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील." बाई 'ठेव' म्हणाल्या. चार महिने सारे सुरळीत चालले. मग रोज संध्याकाळी इंटरनेट रखडू लागले. तक्रार केली की 'लाइन ठीक आहे' एवढेच उत्तर मिळे. एकदा आम्ही सहज गेलो असता त्या खोक्याचे आतले पान उघडून पाहिले. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अकरा नोंदी होत्या. घरातली उपकरणे मोजली, तर दोन मोबाइल, एक लॅपटॉप आणि टीव्ही मिळून चारच भरली. मग उरलेली सात कोणाची?

याचे उत्तर शोधायचे तर ते खोके काय काम करते ते आधी समजून घ्यावे लागेल.

राउटर हा शब्द आपण सगळ्या खोक्यासाठी वापरतो. वास्तविक त्यात चार-पाच यंत्रे दाटीवाटीने बसवलेली असतात. पहिले यंत्र प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. घरोघरच्या फायबर जोडणीत सामान्यतः आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर आपल्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. तरंगलांबी वेगळी असल्यामुळे एकाच काचतंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. दोन्ही प्रकाश अवरक्त आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच तारेचे टोक निघाले तर 'उजेड येतो का' हे पाहायला ते डोळ्यांसमोर धरू नये. खोक्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाही एवढे कळते. त्याला आपल्याकडे इलाज नाही, तो कंपनीकडेच. दुसरे यंत्र तारेने जोडायच्या संगणकांसाठी, तिसरे वायफायचे, म्हणजे एक छोटे रेडिओ केंद्रच. चौथे म्हणजे खरा राउटर. आणि या सर्वांवर देखरेख करणारा एक लहानसा संगणकही आत असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, म्हणून तो संगणक आहे हे आपण विसरतो. हे विसरणे पुढे महागात पडते.

आता पत्त्यांचे पाहू. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा ठरला. विद्यार्थ्यांना २ चा ३२ वा घात काढायला सांगावे. उत्तर येते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असणार. पण पृथ्वीवर माणसेच त्याहून जास्त आहेत आणि आज एकेका घरात चार-चार उपकरणे. पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तरीही आपल्याला नवी जोडणी मिळते, ती एका युक्तीमुळे.

ही युक्ती शिक्षकांना समजावून सांगणे सोपे आहे, कारण ती शाळेच्या कार्यालयात रोज चालते. शाळेचा टपालाचा पत्ता एकच. आतले वर्ग, तुकड्या, हजेरी क्रमांक ही शाळेची अंतर्गत बाब. सातवी 'अ' मध्ये पाचवा क्रमांक प्रत्येक शाळेत असतो आणि त्याने काही घोटाळा होत नाही. त्याचप्रमाणे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते 'आतल्या वापराचे' म्हणून राखून ठेवले आहेत. हा नियम १९९६ चा. आपल्या मोबाइलचा घरातला पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर शेजारच्या घरात आणि थेट अमेरिकेतल्या एखाद्या घरातही त्याच पत्त्याचे उपकरण असू शकते.

मग बाहेरून येणारे उत्तर नेमके आपल्या मोबाइलला कसे मिळते? इथे आवक-जावक नोंदवही येते. शाळेचे पत्र बाहेर पडताना कारकून त्यावर जावक क्रमांक घालतो आणि नोंदवहीत लिहितो की हे पत्र अमुक शिक्षकांचे. उत्तर येते ते शाळेच्या पत्त्यावर, पण त्यात 'आपले पत्र जावक क्रमांक अमुक' असा संदर्भ असतो. कारकून नोंदवही पाहतो आणि ते पत्र योग्य टेबलावर पोचवतो. राउटर हेच करतो. मोबाइलचा संदेश बाहेर जाताना त्यावरचा आतला पत्ता खोडून तो घराचा बाहेरचा पत्ता घालतो आणि जोडीला ० ते ६५,५३५ मधला एक क्रमांक देतो. या क्रमांकाला 'पोर्ट' म्हणतात. त्याची नोंद स्मृतीत ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते आत वळवतो. हे सारे एका सेकंदात हजारो वेळा चालते. (अलीकडे काही कंपन्या स्वतःकडेही अशी आणखी एक नोंदवही ठेवतात आणि अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे शाळेच्या वर जणू केंद्रप्रमुखांचे कार्यालय!)

१९९४ साली ही युक्ती मांडली गेली ती टंचाईवरचा तात्पुरता उपाय म्हणून. पण तिचा एक न मागितलेला फायदा झाला. ज्या पत्राला जावक क्रमांकाचा संदर्भ नाही, ते कोणाला द्यायचे हे राउटरला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. त्यामुळे बाहेरचा कोणी परस्पर आपल्या संगणकाचे दार ठोठावू शकत नाही. आता १२८ द्विमान अंकांचे नवे पत्तेही भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि नोंदवहीची गरज उरत नाही. तिथे दार राखण्याचे काम राउटरमधल्या 'फायरवॉल'ला मुद्दाम करावे लागते. ती बंद करू नये.

मात्र हा कारकून बसतो तो पुढच्या दारावर. वायफायने आत आलेला माणूस शाळेच्या आवारातच उभा असतो आणि कारकून त्याला आपलाच विद्यार्थी समजतो. बाईंच्या यादीतली सात उपकरणे अशी आत आली होती. त्यांनी इंटरनेटचा वेग खाल्ला हे सर्वांत किरकोळ. त्यांच्यापैकी कोणी बाहेर काही गैर केले असते, तर जगाला दिसणारा पत्ता बाईंच्या जोडणीचा असता आणि चौकशीला माणसे त्यांच्याच दारी आली असती.

आत येण्याची परवानगी देतो तो वायफायचा पासवर्ड. तो मोबाइल नंबर असला तर बिघडते कुठे? पहिली गोष्ट, बाईंचा नंबर अर्ध्या सोसायटीला आणि पूर्ण शाळेला ठाऊक. पण समजा, नंबर कोणालाच ठाऊक नाही. आज घरोघर असलेल्या 'डब्ल्यूपीए २' या पद्धतीत मोबाइल राउटरशी जोडला जाताना दोघांत एक छोटी देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघड बोलला जात नाही. पण ती देवाणघेवाण बाहेरून टिपणारा माणूस घरी जाऊन, 'पासवर्ड अमुक असता तर हे संदेश असेच झाले असते का?' हे निवांत ताडून पाहू शकतो. चांगल्या संगणकाला सेकंदाला दहा लाख अंदाज तपासणे आज अवघड नाही. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे शक्यता ४ अब्ज. भागाकार करा : ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटे!

याउलट शब्दकोश पाच वेळा डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द रोमन लिपीत लिहा. प्रत्येक शब्द ५,००० शब्दांतून निवडला असे धरले, तरी पाच शब्दांच्या शक्यता ५,००० चा पाचवा घात इतक्या होतात. त्याच वेगाने सर्व तपासायला सुमारे एक लाख वर्षे लागतील. शिवाय 'हंडा-गवत-वकील-पाऊस-तिरका' असले काही लक्षातही राहते. शब्द मात्र खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडावेत. पाठ्यपुस्तकातल्या कवितेची ओळ घेऊ नये. तसल्या ओळी अंदाज करणाऱ्यांच्या यादीत आधीच असू शकतात. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'डब्ल्यूपीए ३' मध्ये संदेश टिपून घरी ताडून पाहण्याची सोय राहिलेली नाही. आपली उपकरणे चालत असतील तर तीच निवडावी. यादीत 'डब्ल्यूईपी' दिसले तर त्याकडे वळूच नये. ते २००१ सालीच मोडीत निघाले.

बऱ्याच राउटरवर 'डब्ल्यूपीएस' नावाची एक सोय असते. पासवर्ड न टाकता आठ अंकी पिन देऊन जोडणी व्हावी अशी तिची कल्पना. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता असे वाटते. पण आठवा अंक आधीच्या सात अंकांवरून गणिताने ठरतो. शिल्लक एक कोटी. आणि खरी चूक पुढे आहे : राउटर पहिले चार अंक बरोबर की चूक हे स्वतंत्रपणे सांगून टाकतो. म्हणजे पहिल्या भागासाठी १०,००० आणि उरलेल्या तीन अंकांसाठी १,००० असे फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. प्रयत्नाला तीन सेकंद धरले तरी नऊ-सव्वानऊ तास, म्हणजे एक रात्र. २०११ च्या डिसेंबरात हे उघड झाले. गुणाकाराच्या जागी बेरीज आल्याने काय होते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. ही पिन बंद करून टाकावी.

आता दुसरा पासवर्ड, जो बहुतेकांना ठाऊकच नसतो. हा राउटरमधल्या त्या लहान संगणकाचा. मोबाइल वायफायला जोडावा, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत खोक्याच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता टाकावा. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो (अंक अर्थातच इंग्रजी). मग नाव व पासवर्ड विचारणारे पान येते. अनेक जुन्या खोक्यांवर दोन्हीचे उत्तर 'ॲडमिन' असेच असते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे कारखान्यात ठरलेले साठेक पासवर्ड एकामागून एक वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडाने जर्मनीत सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडवली. या सर्वांत ज्यांचे खोके वापरले गेले त्यांना बहुधा पत्ताही नव्हता. 'आमच्या घरात चोरण्यासारखे काय आहे?' असे अनेकजण विचारतात. चोरायचे असते ते खोकेच.

तेव्हा पान उघडल्यावर पहिले काम हा पासवर्ड बदलणे. 'दूरस्थ व्यवस्थापन' ग्राहकासाठी उघडे असल्यास बंद करावे, नव्या आवृत्तीची सूचना असल्यास ती बसवावी. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय चालू केले की पाहुणा इंटरनेट वापरतो, पण घरातल्या संगणकापर्यंत पोचत नाही.

बाईंच्या घरी आम्ही दोन्ही पासवर्ड बदलले. अकराही उपकरणे एका क्षणात तुटली आणि चार पुन्हा जोडून घेतली. (सातातली एखादी नोंद त्यांच्याच मोबाइलची जुनी असू शकते. हल्लीचे मोबाइल ओळख बदलून जोडले जातात.) दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने गॅलरीतून विचारले, "काकू, तुमचे नेट बंद आहे का हो?"

राहिला प्रश्न खोके ठेवायचे कुठे. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी नको, कारण धातू रेडिओलहरी परतवतो. पाणी त्या शोषते, म्हणून माठाच्या आडही नको. घराच्या मध्याजवळ, उंचावर ठेवावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण वीसेक मेगाहर्ट्झ पसरते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच. सोसायटीत सगळे ६ वर असतील तर आपण ११ वर जावे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण भिंतीपलीकडे ताकद लवकर ओसरते. विद्यार्थ्यांना मोबाइलवरच्या एखाद्या मापकाने खोलीखोलीत सिग्नल मोजून घराचा नकाशा काढायला लावावा. उणे ५० आणि उणे ८० डीबीएम यांत तीसचा फरक दिसतो, पण शक्तीत तो हजारपटींचा असतो. लॉगॅरिथम कशासाठी शिकायचे, या प्रश्नाला इथे बरे उत्तर सापडते.

एक व्यावहारिक सूचना. खोक्यामागे टाचणी जाईल एवढे भोक असते. त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबली की सर्व मांडणी पुसून कारखान्यातली मूळ स्थिती परत येते. पासवर्ड विसरल्यास उपाय हाच. पण त्याबरोबर कंपनीने दिलेले जोडणीचे वापरकर्ता नाव व त्याचा पासवर्डही पुसला जाऊ शकतो आणि मग इंटरनेट येतच नाही. जोडणी करणारा मुलगा निघण्यापूर्वी ते त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावे. बाईंनी ते आता स्वयंपाकघरातल्या गॅसच्या पुस्तकात ठेवले आहे.